लोणारचं जितं पाणी

लोणारला जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं आधी विचारतात, "लोणार? हे कुठं आलं?" बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरच्या पुढे, असं सांगितलं की पुढचा प्रश्न तयार असतो, "आणि तिथं आहे काय?" पाणी आहे, असं मी सांगते. मग माणसं विषय बदलतात. त्या सगळ्यांसाठी हे लिहायला बसले आहे, कारण असं पाणी बघून आल्यावर गप्प बसणं माझ्याच्यानं होणार नाही.

मी पहिल्यांदा लोणारला गेले तेव्हा विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकत होते. राज्य नवं होतं, आमचा विभाग त्याहून नवा होता आणि माझा विषय तर इतका नवा की त्याला धड मराठी नावही नव्हतं. भोवतालच्या हवापाण्याशी जिवाच्या पेशी कशा जमवून घेतात, असा काहीसा तो अभ्यास. आई शेजारणींना सांगायची, "आमची सुमन शेवाळं शिकते." ते ऐकून माझं डोकं फिरायचं, पण खोटं नव्हतं ते.

आमचे सर कमी बोलत. एक दिवस त्यांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "लोणारचं तळं इतकं खारं आहे, त्यात सोडा इतका आहे की मासा जगत नाही. तरी ते हिरवं आहे. म्हणजे तिथं कुणीतरी राहतंय. ते कसं राहतंय ते तू शोध." मी हरखलेच. तेवढ्यात त्यांनी पुढचं सांगितलं, "पण जिवंत आण. मेलेलं आणलंस तर विषय बदलू. शेंगदाण्याच्या तेलावर काम करायला कुणीतरी हवंच आहे." विभाग मला एकदाच पाठवणार होता. पुढची दोन वर्षं शेंगदाण्याच्या तेलात काढायची माझी मुळीच तयारी नव्हती.

खामगाव

जलंबला मोठी गाडी सोडली की खामगावची छोटी गाडी धरायची. ती इतकी सावकाश चालते की खिडकीतून ज्वारीची कणसं मोजता येतील. पौषातली थंडी, कोवळं ऊन, आणि खामगाव जवळ आलं तसा हवेत कापूस तरंगायला लागला. जिनिंगमधून उडालेला तो बारीक भुरा कौलांवर, बैलांच्या पाठींवर, बायकांच्या पदरांवर बसलेला. सगळं गाव नुकतंच झोपेतून उठल्यासारखं पांढुरकं आणि मऊ दिसत होतं. मी टांग्यात बसून नुसती बघत राहिले.

आईचे चुलतभाऊ नानामामा तिथल्या एका जिनिंगमध्ये कारकून. एकट्या पोरीला रानात पाठवायचं नाही, असा घरचा हुकूम होता, म्हणून ते माझ्याबरोबर येणार होते. मामांच्या भुवयांतही कापूस होता. मामींनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा वाढला. मी 'पुरे' म्हटलं की त्या आणखी वाढत. आमच्याकडे पुरे म्हणजे पुरे. वऱ्हाडात त्याचा अर्थ 'अजून थोडं' असा होतो, हे दुसऱ्या जेवणापर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

निघताना मामींनी सरकी काढलेल्या स्वच्छ कापसाचं एक गाठोडं दिलं. माझ्या दोन मोठ्या काचेच्या बरण्यांना घट्ट झाकण चालणार नव्हतं. आतल्या जिवांना हवा लागते, म्हणून कापसाचे बोळे हवे होते.

मेहकरच्या वाटेवर

एसटीत मामा बसताक्षणी शेजारच्या पागोटेवाल्याच्या खांद्यावर झोपले. त्या भल्या माणसानं खांदा जरा खालीच केला. मी मांडीवर बरण्या धरून बसले होते. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "बाई, लोनचं हाय काय याच्यात?"

"रिकाम्या आहेत."

"रिकाम्या बरन्या घेऊन कोठी चालले मंग?"

"लोणारला. पाणी आणायला."

"काऊन? पुन्याले पानी नाई काय?"

सगळी गाडी हसली. मीही हसले, दुसरं काय करणार! बाहेर उभी ज्वारी, पिवळी करडई, मधूनच एखादी पऱ्हाटीचा कापूस वेचणाऱ्या बायकांची रांग. मेहकरला पैनगंगा ओलांडली तेव्हा पात्रावर अजून धुकं होतं आणि त्यात एक म्हैस गळ्यापर्यंत बुडून उभी होती. पुढचा रस्ता मी अर्धवट झोपेतच बघितला.

लोणार

आम्ही उतरलो दौलतभाऊंच्या घरी. ते शेतकरी. दर हंगामात मामांच्या जिनिंगला कापूस घालणारे. घरावर राज्य मात्र त्यांच्या आईचं, सरुआजींचं. बुटक्या, गळ्यात तुळशीची माळ, आवाज खणखणीत. मी वाकून नमस्कार केला आणि "आजी, तुम्ही कशा आहात?" विचारलं तर त्या दौलतभाऊंकडे वळून म्हणाल्या, "पाय रे, पुन्याची पोर मले तुमी म्हन्ते. म्या का तहसीलदार हाय?"

आजींच्या घरच्या दोन गोष्टी पहिल्याच संध्याकाळी ध्यानात आल्या. एक, पाणी. घागरीत पडणारं सगळं पाणी दुहेरी धडप्यातून गाळायचं आणि धडपं पुन्हा विहिरीवर नेऊन झटकायचं, म्हणजे त्यात अडकलेला जीव आपल्या घरी जातो. मुंगीसुद्धा त्या घरात पिठाच्या चिमटीवर बसवून अंगणात पोचवली जायची. दुसरी गोष्ट, चहा. आजींच्या चहात साखर इतकी असे की चमचा उभा राहील. "पोरी, माह्यं एवढंच एक व्यसन हाय," त्या म्हणाल्या. "गोड नसलं तं मले दिवस उगवल्यासारखा वाटत नाई."

विवरात

दुसऱ्या दिवशी भोगी. सकाळी मामा आणि मी निघालो. गावाच्या कडेला धार आहे. देवळाच्या कुंडात बारा महिने पडणारं गोड पाणी. तिथून चार पावलं पुढे गेलं आणि जमीन संपली.

काय सांगू! पायाखाली एक भलीमोठी वाटी. कडांवर दाट झाडी, आणि तळाशी हिरवं, अगदी स्थिर पाणी. हे ज्वालामुखीनं झालं की आभाळातून काही पडून, यावर तेव्हा मोठमोठे लोक भांडत होते. मला त्या क्षणी कशाशीच देणंघेणं नव्हतं. उतरताना एकेक आवाज मागे राहत गेला. आधी बैलगाडीचा, मग कोंबड्यांचा, मग माणसांचा. खाली पोचलो तेव्हा फक्त मोरांचे आवाज होते आणि तेही कुठून येतात ते कळत नव्हतं.

काठावर सोड्याचा उग्र वास येतो. मामांनी नाकाला उपरणं लावलं आणि कमळजादेवीच्या देवळाच्या सावलीत जाऊन झोपले. मी सोड्याचा जोर दाखवणारी कागदाची पट्टी बुडवली, ती गर्द निळी झाली. मग विभागाचा पितळी सूक्ष्मदर्शक दगडावर ठेवला, आरसा उन्हाकडे वळवला आणि एक थेंब काचेवर घेतला.

हिरव्या, नाजूक सुरळ्या. पीळ घातलेल्या दोऱ्यासारख्या. आणि त्या हलत होत्या. स्वतःभोवती अगदी हळू फिरत, एकमेकींना ओलांडत, पुन्हा माघारी येत. त्यांना कसली घाई नव्हती. जे पाणी बाकी सगळ्यांना नको होतं, त्यात त्या आपल्या सुखात होत्या. मी किती वेळ बघत बसले, देव जाणे. ऊन सरकलं, आरसा फिरवला, पुन्हा बघत बसले. इतकं स्वस्थ मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

बरण्या भरल्या, बोळे लावले, चिठ्ठ्या चिकटवल्या, 'हात लावू नये'. चढताना मामा धापा टाकत म्हणाले, "सुमे, पाणीच न्यायचं तर माझी विहीर काय वाईट होती गं?"

बरण्या ओसरीवर सावलीत ठेवून आम्ही दौलतभाऊंच्या शेतावर हुरड्याला गेलो. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कणसं, तळहातावर चोळलेले गरम हिरवे दाणे, जवसाची चटणी आणि घट्ट दही. आमच्या घरी पोहे खातानासुद्धा बशी लागते. इथे हातच ताट. मी खाऊन खाऊन तिथेच कडब्यावर आडवी झाले आणि आभाळाकडे बघत राहिले.

परतलो तेव्हा ऊन कलत होतं. आजी ओसरीवरच होत्या, चेहरा फुललेला.

"आली काय व पोरी? ये, पाय तुह्या बरनीनं काय जादू केली थे!" त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले. तांबडेलाल. "दुपारभर ओल्या हयदीचं लोनचं चिरून राह्यली होती. हात पिवये झाले होते. अन् आता पाय. कुंकू झालं व माय! कमयजामायनंच देल्लं!"

माझ्यातली विद्यार्थिनी आधी खूश झाली. हळद सोड्याच्या पाण्यात तांबडी होते, हे आम्ही प्रयोगशाळेत करून बघतो. दुसऱ्याच क्षणी बरण्यांची आठवण झाली.

"आजी, तुमचे हात त्या पाण्यात कसे गेले?"

"बरन्या धुतल्या ना मंग! तुवा तं तयातलं खारं पानी भरून आनलं. ढोर बी पेत नाई थे. म्या म्हटलं, पुन्याची पोर, तिले काय ठाव. ओतलं नालीत, राखेनं बरन्या घासल्या, अन् गड्याले धारेवर पाठवून गोड पानी आनलं." लोणारला आलेलं माणूस धारेचं पाणी घेतल्याशिवाय घरी जात नाही, अशी तिथली रीत. आजींनी माझी चूक सुधारली होती. "मायले देजो दोन दोन थेंब," त्या प्रेमानं म्हणाल्या.

ओसरीवर दोन्ही बरण्या लखलखत होत्या. आत नितळ पाणी. मी बरणीशी नाक नेलं, सोड्याचा वास नव्हताच.

"मेले," मी म्हटलं. "सगळे मेले."

"कोन मेलं व?" आजी ओरडल्या. दौलतभाऊ गोठ्यातून धावत आले, शेजारच्या दोघी कुंपणावरून डोकावल्या. मी रडत रडत सांगितलं की माणूस कुणी नाही, त्या पाण्यातले जीव मेले. हिरवे, बारीक, डोळ्यांना न दिसणारे. तेच मला न्यायचे होते.

आजी थबकल्या. "त्या पान्यात जीव होते?"

"हो, आजी."

"अन् गोड पान्यात?"

मी डोळे पुसत जे खरं ते सांगून टाकलं. "गोड पाण्यात फुटतात. जगत नाहीत."

आजी नालीपाशी गेल्या. वाकून बघितलं. तिथं ओल तेवढी उरली होती. "म्हंजे राखेनं घासले म्या त्यायले," त्या हळूच म्हणाल्या.

मामा म्हणाले, "अहो आजी, डोळ्याला दिसत नाही तो जीव कसला? सोडा."

"नाना, दिसत नाई म्हून नाई काय? मंग जलमभर पानी काऊन गायलं म्या?"

भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, सगळं तसंच राहिलं. आजी जेवल्या नाहीत. मी समजावलं, सुनेनं समजावलं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "सकाऊन मी येतो तुह्यासंग खाली." वऱ्हाडात बायकाही 'मी येतो' म्हणतात. एरवी मला त्याचं हसू यायचं, तेव्हा आलं नाही.

संक्रांत

आजींचे गुडघे दुखरे. कित्येक वर्षांत त्या विवरात उतरल्या नव्हत्या. धुक्यात आम्ही निघालो. अवघड पायरी आली की त्या खाली बसत, सरकत उतरत आणि मला दटावत, "माहा हात धरू नको, तू पडशीन अन् मले बी पाडशीन." अर्ध्या वाटेवर धुकं इतकं दाट झालं की तळं दिसेना, फक्त वास येत होता. मग हळूहळू खालचं पाणी उजळत गेलं. आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "लहानपनी इथंच धुनं आनत होतो आमी. साबन लागत नव्हता."

काठावर बसून मी काच लावली. आजींनी आधी चुकीचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले. मी त्यांचा एक डोळा तळव्यानं झाकला आणि आरसा फिरवला.

त्या काचेला डोळा लावून बसल्या. मला वाटलं दिसत नसावं.

"अव माय," त्या पुटपुटल्या. "हे तं फुगडी खेयून राह्यले!"

पुढे कितीतरी वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मोर ओरडत होते, धुकं विरत होतं. मला विचारत होत्या, हे खातात काय, यांना थंडी लागते काय, पोरं होतात काय. मला माहीत होतं तेवढं सांगितलं, नव्हतं तिथं माहीत नाही म्हटलं. त्याचाच अभ्यास करायचा आहे, असंही सांगितलं. "चांगलं शिक्शन हाय," आजी म्हणाल्या. माझ्या शिक्षणाला घरीदारी कुणी असं म्हटलेलं मला आठवत नाही.

बरण्या भरल्यावर बोळे त्यांनी स्वतः लावले. वर पोचलो तर सून तिळगुळाची वाटी घेऊन उभी. आजींनी हात मागे घेतला.

"हे जिते पोचले म्हून कयलं तवाच तोंड गोड करीन. रथसप्तमीपरेन वाट पायतो. नाई कयलं तं गोड सोडलं म्हना. जलमभर."

"आजी, असं काय करता? वाटेत काहीही होऊ शकतं."

"म्हूनच तं," आजी म्हणाल्या.

त्यांनी तिथंच काळा, बिनसाखरेचा चहा मागितला आणि तोंड वाकडं करून प्यायल्या. दुपारच्या एसटीत मामा मला म्हणाले, "सुमे, तुझ्या शेवाळापायी म्हातारीचा चहा गेला हो." आणि त्या दिवशी ते झोपले नाहीत. एक बरणी त्यांनी मांडीवर धरली होती.

पुणे

पुण्यात पोचले तेव्हा पाण्याचा रंग उतरला होता. काचेखाली बहुतेक सुरळ्या तुटलेल्या, काही हलत होत्या, पण दमल्यासारख्या. सरांनी बघितलं, काचेच्या चंबूत खारं पोषक पाणी करून त्यात थोडं थोडं सोडायला सांगितलं आणि म्हणाले, "खिडकीत ठेव. थांब."

थांबणं मला कधी जमलेलं नाही. रोज सकाळी मी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत जायची. पाणी पिवळट झालं. मग तपकिरी. शेंगदाण्याच्या तेलाची पुस्तकं सरांच्या टेबलावर आली. खरं सांगते, मला तेलाचं काही वाटेनासं झालं होतं. डोळ्यांपुढे यायचा तो आजींचा काळा चहा.

माझी मैत्रीण विमल म्हणाली, "अगं वेडे, कार्ड टाक की पोचले म्हणून. तिला कोण सांगायला जातंय?" मी कार्ड घेतलंही. समोर ठेवून बसले. पण न दिसणाऱ्या जिवांसाठी जी बाई आयुष्यभर पाणी गाळते, तिला खोटं लिहायला माझा हात उचलेना. कार्ड विमललाच देऊन टाकलं.

रथसप्तमी तोंडावर आली. एका सकाळी मी खिडकीतला चंबू उचलला, तर उन्हाच्या बाजूला काचेवर हिरवी झाक. मला वाटलं बाहेरच्या झाडाचं प्रतिबिंब. चंबू फिरवला, झाक तिथंच. थेंब काचेवर घेतला. त्या फिरत होत्या. सावकाश, सुखात, एकमेकींना ओलांडत.

मी इतक्या जोरात ओरडले की सर चपला न घालता आले. त्यांनी बघितलं, मान हलवली, तेलाची पुस्तकं कपाटात ठेवली. "पुढच्या महिन्यात पुन्हा लोणारला जाऊन ये," म्हणाले, "विभागाला सांगतो."

"पुढच्या महिन्यात नको, सर. आजच निघते."

"आज का?"

"पुढच्या महिन्यात रथसप्तमी नाही."

सरांना काही कळलं नाही. पण रजा दिली.

रथसप्तमी

या खेपेला मामा नव्हते आणि घरचा हुकूमही मी पाळला नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेला छोटा चंबू पदराखाली धरून लोणारला उतरले तेव्हा अंगणाअंगणांत गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यांत दूध उतू घालवणं चाललं होतं. सूर्याला नैवेद्य. दौलतभाऊंच्या अंगणातही धूर होता. आजी तुळशीपाशी बसलेल्या. वाळल्यासारख्या वाटल्या. मला बघून उठल्या नाहीत. काही विचारलंही नाही. घाबरल्या होत्या त्या.

मी चंबू काढला आणि उन्हात धरला. गर्द हिरवा.

आजींनी तो दोन्ही हातांत घेतला. "थेच हायत काय व?"

"तेच, आजी. त्यांची नातवंडं-पतवंडं म्हणा."

"म्हंजे, वाढले?"

"खूप वाढले. मी पुण्याहून निघाले तेव्हा फिरत होते."

त्यांनी चंबू जपून तुळशीच्या ओट्यावर ठेवला, उन्हाला लागून. मी पिशवीतला तिळगूळ काढला. आईनं केलेला, प्रवासात थोडा चुरा झालेला. त्यांनी तोंड उघडलं, अगदी लहान मुलीसारखं. मी भरवला. त्या डोळे मिटून चावत राहिल्या आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मलाही रडू आवरेना, आणि खरं तर मी आवरलंही नाही.

"कसे बेचव दिवस गेले व माय," तोंडात तिळगूळ तसाच ठेवून आजी म्हणाल्या. मग घराकडे तोंड करून तोच खणखणीत आवाज लावला, "सूनबाई, चहा मांड! अन् साखरेचा डबा इकडंच आन, तुह्या हातानं मले पुरत नाई!"